अंगठ्याचं वय

यंत्रानं आकडा दाखवला तेव्हा प्रणितानं आधी यंत्रालाच दोष दिला. तिनं काच पुसली, दिवा विझवून पुन्हा लावला, कागद उलट्या बाजूनं सरकवला. आकडा तोच आला. मग कालच तपासलेली, खात्रीची एक जुनी पावती तिनं आत घालून पाहिली, तर तिचं उत्तर बिनचूक आलं. म्हणजे यंत्राचं काही बिघडलेलं नव्हतं. हिरवट कागदावरच्या त्या अंगठ्याचं वय सहा वर्षं सात महिने होतं, पंधरा दिवस इकडे किंवा तिकडे. आणि त्याच कागदावर निळ्या शाईत घातलेली तारीख होती जेमतेम चार वर्षांपूर्वीची.

सोप्या भाषेत सांगायचं, तर सोजरबाई सूर्यवंशी नावाच्या बाईनं पैसे मिळाल्याचा अंगठा पैसे मिळायच्या पावणेतीन वर्षं आधीच देऊन ठेवला होता.

प्रणिता खुर्चीत मागे टेकून बसली. पुण्याच्या या प्रयोगशाळेत तिला पाच वर्षं झाली होती आणि असे आकडे तिनं शेकड्यांनी पाहिले होते. कुठल्यातरी अनोळखी माणसाचं पितळ उघडं पडायचं, ती अहवाल लिहायची, डबा खायची आणि घरी जायची. पण हा कागद अनोळखी नव्हता. वरच्या कोपऱ्यात बेलाचं पान, खाली ‘रक्कम समजून-उमजून घेतली’ अशी छापील ओळ. अशा पावत्या छापून घेणारा वकील तिला एकच माहीत होता, उदगीरचे गुरुलिंग मेनकुदळे. गावाचे मेनकुदळे वकील आणि तिला वकिली शिकवणारे तिचे अप्पा.

नियम साधा होता. पक्ष ओळखीचा निघाला, तर फाइल प्रमुखांच्या टेबलावर ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. प्रणितानं सकाळी फाइल उघडली, नाव वाचलं आणि ती आपल्याच टेबलावर ठेवून घेतली. अप्पांवर पक्षकाराचे पैसे खाल्ल्याची तक्रार व्हावी, हेच तिला हसण्यासारखं वाटलं होतं. तिला वाटलं, तपासणी आपणच करावी, अंगठ्याचं वय तारखेशी जुळेल आणि अप्पांना निर्दोष ठरवणारा अहवाल आपल्या हातचा असेल. एवढीच हौस होती. ती तिला अशी महागात पडायची होती.

त्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचं सरकारी नाव ओळभर लांब होतं, म्हणून सगळे त्याला वयघड्याळ म्हणत. माणूस शाईचा अंगठा कागदावर उठवतो तेव्हा आपल्याला दिसते ती फक्त शाई. पण शाईबरोबर त्याच्या कातडीचा घाम आणि तेलही कागदात उतरतं. त्या तेलात स्क्वॅलीन नावाचा एक पदार्थ असतो. हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू मोडतो. त्यातून दुसरा पदार्थ होतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि हे सगळं ठरलेल्या क्रमानं होतं. शिवाय तेल कागदाच्या तंतूंमधून कडेकडेला सरकत राहतं, पोळीखालच्या कागदावर तुपाचा डाग सरकतो तसं. कुठला पदार्थ किती उरला आणि डाग किती पसरला हे मोजलं, की ठसा कधी उठवला ते सांगता येतं.

कल्पना जुनीच होती. घोडं अडायचं ते हवामानापाशी. उदगीरच्या उन्हाळ्यात तेल भराभरा मोडतं, घाटमाथ्यावरच्या पावसाळी गारव्यात रेंगाळतं. वयघड्याळ बनवणाऱ्यांनी तो प्रश्न कागदालाच विचारला. कागदाचे तंतूही त्याच उन्हात, त्याच ओलीत म्हातारे होत असतात. त्यांचं म्हातारपण मोजायचं आणि ठशाच्या वयातून ऊनपाऊस वजा करायचा. इतकं सोपं होतं, की पंचवीस वर्षं कुणाला सुचलं नाही.

दोन हजार छत्तीस साली ही यंत्रं आली आणि राज्यभरच्या कागदांना कंठ फुटला. भावांनी बहिणींकडून लिहून घेतलेली हक्कसोडपत्रं बोलायला लागली. माणूस गेल्यावर आठ दिवसांनी ‘केलेली’ मृत्युपत्रं बोलायला लागली. त्या उन्हाळ्यात बऱ्याच कचेऱ्यांमागे जुन्या फायलींचा धूर निघाला. काही मंडळी कागद रुमालात धरून हाताळू लागली आणि टपरीवरचा चहावाला त्यांना ग्लासही रुमालात गुंडाळून देऊ लागला. हसण्यावारी न्यायचे दिवस लवकरच संपले. पक्षकारांच्या पैशांबद्दल वकिलाविरुद्ध तक्रार आली, की पावतीचं वय मोजणं वकील परिषदेनं सक्तीचं केलं. आधी अंगठ्याची पावती दाखवली की तक्रार तिथंच बसायची. आता पावतीचीच उलटतपासणी होऊ लागली.

प्रणिता स्वतः आधी वकील होती. बाप उदगीरच्या मोंढ्यात हमाल, पोरगी रसायनशास्त्राची पदवी घेऊन मग वकिलीची परीक्षा पास झालेली. काळा कोट शिवायला पैसे नव्हते, तेव्हा अप्पांनी आपला जुना कोट शिंप्याकडून तिच्या मापाचा करून घेतला. दोन वर्षं ती त्यांच्या कचेरीत राबली. अप्पांच्या पत्नी, अक्का, तिला दुपारी जेवल्याशिवाय कोर्टाची पायरी चढू देत नसत. पुढं प्रयोगशाळेत नोकरी लागली, पगारी नोकरीत वकिली चालत नाही म्हणून तिनं आपली सनद तात्पुरती स्थगित करून घेतली. अक्का चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून अप्पांचे फोन कमी झाले होते आणि दुःखातल्या माणसाला सारखं कशाला छेडायचं, म्हणून तिनंही ते वाढवले नव्हते.

सहा वर्षं सात महिने. तिनं बोटांवर मोजलं. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर. त्या नोव्हेंबरात ती अप्पांच्या कचेरीतच होती.

त्या कचेरीची एक पद्धत होती. खेड्यातून आलेला पक्षकार पहिल्याच दिवशी सगळे अंगठे देऊन जाई. एक वकीलपत्रावर, दोन अर्जावर आणि दोन-तीन कोऱ्या पावत्यांवर. पुढं पैसे आले, की पावती भरायची. नाहीतर एका अंगठ्यासाठी म्हाताऱ्या माणसानं दोन एसट्या बदलून यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची आणि वकीलसाहेब नेमके दुसऱ्या कोर्टात असायचे. अप्पांना यात काही वावगं वाटत नसे, आणि प्रणितालाही वाटलं नव्हतं. उलट ही गरिबांची सोय आहे असं ती नव्या पोरांना समजावून सांगे. कोरे अंगठे घ्यायचं काम तिच्याकडंच असे, कारण तिचा हात हलका होता.

तेवढ्यात यंत्रानं पडद्यावर दुसरी चौकट उघडली. पावतीच्या डाव्या कडेला आणखी एक ठसा सापडला होता. त्याला शाई नव्हती, नुसतं तेल होतं, आणि वय अगदी तेच. दुसऱ्याचा अंगठा धरून उठवताना माणूस आपल्या डाव्या हातानं कागद दाबून धरतो, तिथं त्याचं बोट उमटतं. प्रणितानं हे बोट कुणाचं, हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. डाव्या हाताची तर्जनी तिनं काचेवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा उत्तर आलेलं होतं.

मग तिला सोजरबाई आठवली. वीटभट्टीवर आयुष्य गेलेली बाई, टँकरखाली मुलगा गेलेला. तिच्या अंगठ्यावर रेघच उरली नव्हती. बँकेच्या यंत्राला तिची ओळख पटत नव्हती म्हणून तिचं खातं बंद पडलेलं, आणि म्हणूनच टँकरमालकानं पुढं तडजोडीत दिलेले साडेचार लाख अप्पांच्या पक्षकारनिधी खात्यात आले. प्रणितानं कोमट पाणी आणून तिचा अंगठा धुतला, आपल्या हातात धरला आणि शाईवर नीट फिरवून कागदांवर टेकवला. एकामागून एक. “उमटला की गं माय,” म्हणत म्हातारी किती हरखली होती. शाई तिनं केसांना पुसली होती. त्या दिवशी आपण काहीतरी चांगलं केलं, या समाधानात प्रणिता घरी गेली होती.

आता तिला रडू आलं, आणि थेंब काचेवर पडू नये म्हणून ती उठून खिडकीशी गेली.

सुटायला एक वाट होती. कापूर. कापराच्या धुरात राहिलेल्या कागदावर तेल मोडण्याची गती बदलते, हे वयघड्याळाचं एक माहीत असलेलं वैगुण्य होतं. धुराचा अंश ठरावीक मर्यादेपलीकडे सापडला, तर अहवालात ‘अनिर्णित’ लिहायची मुभा होती. अनिर्णित म्हणजे पावती खरी धरायची. अप्पा रोज सकाळी कचेरीतल्या देवाला कापूर लावत. तिनं मोजून पाहिलं. कापूर सापडला, पण मर्यादेच्या निम्म्यावर. एक आकडा थोडा वर चढवला की झालं. परत कोण मोजायला बसणार होतं?

रविवारी दुपारी ती उदगीरला अप्पांच्या दारात उभी होती.

अप्पांनी दार उघडलं आणि आधी जेवलीस का विचारलं. त्यांनी स्वतःच चहा केला, साखर फार झाली. भिंतीवर अक्कांचा फोटो होता. ज्या खुर्चीत बसून अप्पा तिला कायदा शिकवत, तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत साचली होती. प्रणितानं आकडा सांगितला. किती बरोबर असतो, चूक होऊ शकते का, असं काहीही त्यांनी विचारलं नाही. मग तिनं कापराचं सांगितलं, घाईघाईनं, चोरी करणाऱ्या माणसासारखं.

“कापूर मी देवाला लावत होतो, प्रणिता,” अप्पा म्हणाले. “त्याला यात ओढू नकोस.”

पैसे कुठं गेले ते विचारायची गरज नव्हती. फोटोखालची तारीख सगळं सांगत होती. तरी अप्पांनी सांगितलं, अशिलाची साक्ष नोंदवावी तशा सपाट आवाजात. टँकरमालकाचा चेक वटला त्याच आठवड्यात अक्कांच्या किडन्यांनी दगा दिला. हैदराबादच्या डॉक्टरांनी आधी पैसे भरायला सांगितले. महिन्याभरात जमीन विकून परत ठेवू, असं त्यांनी धरलं होतं. जमिनीला भाऊबंदांनी हरकत घेतली. मग पुढचा महिना, मग त्याच्या पुढचा. अक्का सात आठवड्यांत गेल्या.

“तू तेव्हा पुण्याहून फोन केला होतास. म्हणालीस, अप्पा, पैशाकडं बघू नका, आधी अक्कांना हलवा,” ते म्हणाले. “मी खरंच बघितलं नाही. कुणाचे आहेत तेही बघितलं नाही.” मग तिचा चेहरा बघून त्यांनी लगेच जोडलं, “तुला बोल लावत नाही मी. तुला काय माहीत होतं.”

सोजरबाई दर दोन महिन्यांनी कचेरीत येई आणि काही आलं का विचारी. अप्पा सांगत, अजून तारीख आहे. येताना ती हरभऱ्याचे डहाळे आणी, नाहीतर भुईमुगाच्या शेंगा. पदर सोडून तिनं टेबलावर ओतलेला तो ऐवज अप्पा ठेवून घेत. नको म्हटलं असतं तर तिला शंका आली असती. शेवटी तिच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीनं परिषदेकडं तक्रार केली. नोटीस आली त्या दिवशी अप्पांनी जुन्या फायलीतून कोरी पावती काढली, चार वर्षांपूर्वीची तारीख घातली, रक्कम भरली.

“पैसे घेतले तेव्हा मी चुकलो,” अप्पा म्हणाले. “पावती भरली तेव्हा मी वकील उरलो नाही. तू जे दिसलं ते लिही.”

मग तिनं त्यांना दुसऱ्या ठशाचं सांगितलं. इतका वेळ दगडासारखा बसलेला माणूस पहिल्यांदा हलला. त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीत कलंडला. ते तिच्याशी भांडले म्हटलं तरी चालेल. परिषदेनं एका अंगठ्याचं वय विचारलं आहे, प्रश्न तेवढाच आहे, जे विचारलं नाही त्याचं उत्तर देणं हा मूर्खपणा आहे, असं त्यांनी एखाद्या खटल्यात मुद्दे मांडावेत तसं मांडलं. काम माझं होतं, तुझा नुसता हात होता, असं म्हणाले. तुझ्या बापानं पोती वाहून तुला शिकवलं ते याच्यासाठी नाही, असंही म्हणाले.

“कागदावर असेल ते सगळं वाचायचं, हे तुम्हीच शिकवलंत की अप्पा,” प्रणिता म्हणाली.

त्यावर अप्पांनी कलंडलेला कप सरळ केला. ती निघाली तेव्हा दारापर्यंत आले. तिला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी हात उचलला आणि दाराची कडी धरली.

सोमवारी सकाळी तिनं अहवाल लिहिला. अंगठ्याचं वय लिहिलं. कापराचा अंश मर्यादेच्या आत, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की कागद धरणारं बोट तिचं स्वतःचं आहे, त्या वेळी पावती कोरी होती, आणि पक्ष ओळखीचा असूनही तिनं फाइल परत केली नाही. प्रमुख होत्या डॉ. सरोज ठोंबरे, कडक पण सरळ बाई. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. हे शेवटचं तुला कुणी लिहायला सांगितलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. कुणी नाही, असं प्रणिता म्हणाली. ठोंबरेबाईंनी पावती दुसऱ्या तपासनिसाकडून पुन्हा मोजून घेतली. अकरा दिवसांचा फरक पडला, बाकी सगळं तेच. संध्याकाळी प्रणितानं ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

परिषदेच्या शिस्त समितीसमोर सुनावणी झाली ती तासाभराची. तिघांच्या समितीनं अप्पांना बाजू मांडायला सांगितलं. अप्पा उभे राहिले आणि तक्रार खरी आहे म्हणाले. बेचाळीस वर्षांची वकिली, एकही डाग नाही, पत्नीचं आजारपण, हे सगळं त्यांच्या वतीनं कुणीतरी सांगितलं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं आहे. समितीनं नुसती ताकीद किंवा काही काळाचं निलंबन पुरेसं नाही म्हटलं. पैसे वापरले हा एक अपराध, पण ते लपवण्यासाठी निरक्षर पक्षकाराच्याच अंगठ्याचा पुरावा उभा केला, याला क्षमा नाही. गुरुलिंग मेनकुदळे यांचं नाव वकिलांच्या पटावरून कायमचं कमी झालं. सोजरबाईंचे पैसे व्याजासह तीन महिन्यांत द्यायचे, आणि मिळाल्याची पोच समितीकडं पाठवायची. प्रणिताची सनद तीन वर्षांसाठी निलंबित झाली. स्थगित सनद पुन्हा सुरू करून ती लगेच निलंबित केली, अशी त्यांनी नोंद घेतली. कायद्याला असं करावं लागतं.

तिघांतला एक सभासद स्वतः तालुक्याच्या गावी वकिली करणारा होता. निकाल वाचून होईपर्यंत तो आपल्याच बोटांकडे बघत होता.

बाहेर आल्यावर अप्पांनी व्हरांड्यातच काळा कोट काढला आणि घडी घालून काखेत धरला. कोट घरी गेल्यावर काढला असता तरी चाललं असतं. प्रणितानं तिकडं बघायचं टाळलं.

त्यांनी कोर्टासमोरची कचेरी विकली. सोजरबाईचं खातं आता चेहऱ्यावरून ओळख पटवून पुन्हा सुरू झालं होतं. पैसे थेट त्यात गेले. राहिली ती पोच. ती घेऊन म्हातारीसमोर उभं राहणं अप्पांना जमेना. दोनदा ते एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत आले. तेव्हा प्रणिता म्हणाली, मी जाते.

सोजरबाईच्या गावी, हणमंतवाडीला, ती पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. नात, समीक्षा, दारातच भेटली. वीस वर्षांची, चष्मा लावलेली, बोलण्यात काडीचा गोडवा नसलेली मुलगी. निकालाची प्रत तिनं वाचली होती. तिनं प्रणिताला आत न घेता आधी अंगणात थांबवलं.

“आज्जीला मी फक्त वकिलाचं सांगितलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमचं नाव सांगितलं नाही. ती तुम्हाला चांगलं म्हणती. तिला आता आणखी एक माणूस वाईट निघालेलं सोसायचं नाही.”

प्रणिता मान हलवून आत गेली.

सोजरबाई चटईवर पाय पसरून बसली होती. गुडघे गेलेले, डोळ्यांना मोतीबिंदू, पण प्रणितानं ‘आज्जी’ म्हटलं तेव्हा आवाजावरून तिनं ओळखलं.

“ये माय, बस. किती दिसांनी आलीस गं,” ती म्हणाली. “वकीलसाहेब बरे हाईत का? घरच्या गेल्या म्हणं त्यांच्या. पोरीनं माझ्या लई ताणलं बघ. मी म्हनलं होतं, देतील की ते, कुठं पळून चाललेत.”

समीक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. प्रणितानं पिशवीतून पोच काढली, शाईचं पॅड काढलं. सोजरबाईनं कुणी सांगायच्या आधीच उजवा हात पुढे केला.

“धर. त्या टायमाला तूच धरला होतास. माझा अंगठा कुठंच उमटत नव्हता, तुझ्या हातानं उमटला.”

प्रणितानं तो हात धरला. अंगठा तसाच होता, गुळगुळीत आणि खरखरीत दोन्ही. तिला तो सोडवेना आणि शाईकडेही नेववेना. “आधी वाचून दाखवते आज्जी,” ती म्हणाली, आणि तिनं कागद पहिल्या ओळीपासून वाचला. नाव, गाव, रक्कम, व्याज, कुठल्या खात्यात, कुठल्या तारखेला. जिथं अवघड शब्द आला तिथं थांबून तिनं सोपा करून सांगितला. म्हातारी मान एका बाजूला कलती करून, पोथी ऐकावी तशी ऐकत होती.

“त्या दिवशी बी असंच वाचलं होतंस का माय?” तिनं विचारलं. “मला काई याद येत नाही.”

दारातून समीक्षानं प्रणिताकडं पाहिलं. त्या नजरेत दरडावणी नव्हती, विनवणी होती. हो म्हणायला एक शब्द पुरला असता आणि तो शब्द कुठल्याच यंत्राला सापडला नसता.

“नाही आज्जी,” प्रणिता म्हणाली. “त्या दिवशी कागद कोरा होता. वाचायला त्यावर काहीच नव्हतं. तुमचा अंगठा मी कोऱ्या कागदावर घेतला. त्याच कागदावर मग त्यांनी लिहिलं.”

सोजरबाईला ते पोचायला वेळ लागला. तिचे धुरकट डोळे प्रणिताच्या चेहऱ्याच्या आसपास फिरले, कुठं थांबायचं ते न कळून. ती रागावली नाही. शिवीगाळ केली असती तर प्रणिताला बरं वाटलं असतं.

“तूच व्हय,” ती एवढंच म्हणाली.

तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला. चटईवर चाचपून शाईचं पॅड शोधलं, कागद आपल्याकडं ओढला. समीक्षा मदतीला पुढे झाली, तिलाही तिनं कोपरानं बाजूला केलं. पहिल्या वेळी कागदावर नुसता काळा डाग पडला. तिनं तो बोटानं चाचपला, अंगठा पुन्हा शाईत बुडवला आणि सगळा भार देऊन शेजारी टेकवला. या वेळी एक-दोन रेघा उमटल्या. मग तिनं शाई केसांना पुसली आणि कागद नातीच्या हातात दिला.

प्रणितानं पुढे केलेला हात अजून तसाच होता.